माडीवर क्लास की मैफल?

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरीत कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो. वय २७. दुकानाच्या वर आमच्या जुन्या कौलारू घराची माडी आहे, साधारण तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. आजोबा गेल्यापासून ती रिकामीच पडून आहे. मी तबला वाजवतो. दुकानात येणारी कितीतरी मुले-मुली गातात, पेटी, गिटार, बासरी वाजवतात. पण वर्षातले एक स्नेहसंमेलन सोडले, तर लोकांसमोर बसून गायला-वाजवायला त्यांना जागा नाही. मोठे नाट्यगृह भाड्याने घेणे त्यांना झेपत नाही, आणि तेवढे श्रोते तरी आणायचे कुठून? माडी या मुलांसाठी खुली करावी असे मला वाटते. बाबांना ती शिकवणीच्या क्लासला भाड्याने द्यायची आहे. ‘गाण्यावर घर चालत नाही’ एवढेच ते म्हणतात. ते स्वतः पूर्वी भजनात पखवाज वाजवत, पण आजोबांच्या पश्चात त्यांनी तो खाली काढलेला नाही. शिवाय मागच्या घरातल्या काकूंना हृदयविकार आहे आणि त्या नऊला झोपतात. मी हट्ट धरावा का?

— एक वाचक, रत्नागिरी

प्रिय वाचक,

सप्रेम नमस्कार. हट्ट धरू नका, आणि माडीही सोडू नका. माडी एक तर क्लासची किंवा गाण्याची, असा निवाडा तुम्ही माझ्याकडे मागितला आहे; परंतु गाण्याला रोजची जागा लागत नाही. महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ लागते, आणि ती वर्षानुवर्षे न चुकता लागते. उरलेले दिवस क्लासला पुरेसे आहेत. म्हणून माझा सल्ला असा की, माडी बाबांच्या इच्छेप्रमाणे क्लासला द्यावी, मात्र करार करतानाच दर महिन्याचा एक शनिवार दुपारी चारपासून स्वतःकडे राखून ठेवावा, आणि त्या दिवशी बाके भिंतीला लावून जमीन मोकळी करून देण्याची जबाबदारी क्लासचालकांची राहील, हेही त्यात लिहून घ्यावे. हे तोंडी ठरवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करावी लागते, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. करार व्हायचाच आहे, तर तुमचा शनिवार त्याच कागदावर येऊ द्या. परीक्षा जवळ आल्या की क्लासचालक जादा तासांसाठी तो मागणार आहेत, आणि त्या वेळी बाबांना मध्यस्थी करावी लागू नये.

गाण्याचा विचार करण्याआधी मात्र माडीच्या जमिनीचा विचार करा. पत्रात तुम्ही लांबी-रुंदी दिलीत, पण खालच्या तुळया आणि वासे कोणत्या स्थितीत आहेत याचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. आपल्याकडच्या जुन्या माड्या घरच्या माणसांच्या वावरासाठी आणि भाताच्या कणग्या ठेवण्यासाठी बांधलेल्या असतात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, शाळेच्या वर्गासाठी सुमारे ३००, आणि बसायची जागा पक्की नसलेल्या सभागृहासाठी सुमारे ५०० किलो भार गृहीत धरायला सांगितले आहे. त्याचे कारण उघड आहे. घरातली माणसे विखुरलेली असतात, आणि मैफलीतली माणसे गाणाऱ्याच्या दिशेने सरकत एका बाजूला दाटीने बसतात. पन्नास माणसांचे वजन तीन-सव्वातीन टनांच्या घरात जाते. ते माडीभर पसरले तर फार नाही, पण तेच पुढच्या एका तुळईवर एकवटले तर गोष्ट वेगळी. शिवाय कोकणात तुळईचे भिंतीत गेलेले टोकच आधी कुजते, कारण जांभ्याची भिंत पावसाळाभर ओल धरून ठेवते. वरून लाकूड टणक दिसते आणि आत वाळवीने पोखरलेले असते. एखाद्या अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून ही टोके तपासून घ्या, आणि जिना एकच असेल तर पन्नासाच्या वर एकही माणूस वर घेऊ नका. ही तपासणी क्लाससाठीही तितकीच आवश्यक आहे, कारण तिथे तर बाबा रोज मुले बसवणार आहेत. म्हणून ती तुमच्या गाण्याच्या खर्चात धरली जाऊ नये. घराच्या खर्चात धरली जावी. इंजिनीअरने नको म्हटले, तर क्लासही नको आणि मैफलही नको. तसे झाले तर तुमचे दुकान शनिवारी संध्याकाळी बंद करून, मधली टेबले हलवून तिथेच पंचवीस माणसे बसवता येतील. आणि सुरुवातीला पंचवीस खूप झाली.

हे मी अनुभवाने सांगते आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी कोकणातल्याच एका गावात मैफलींची मालिका सुरू केली, आणि पहिल्याच कार्यक्रमाला सातशे खुर्च्यांचे सभागृह घेतले. कलावंत चांगले होते, निमंत्रणे वेळेवर गेली होती, आणि तरीही साठ माणसे आली. साठ श्रोते ही वाईट संख्या नव्हे. एखाद्या घराच्या पडवीत साठ माणसे बसली असती तर ती मैफल लोकांनी आठवणीत ठेवली असती. त्या सभागृहात मात्र ती दहा-दहाच्या घोळक्यांनी विखुरली. गाणाऱ्याला दाद ऐकू येईना आणि श्रोत्यांना एकमेकांची सोबत मिळेना. दुसरा कार्यक्रम करायला पैसेही उरले नाहीत आणि उमेदही उरली नाही. आपण मैफलीची सुरुवात इमारतीपासून केली, ही चूक मला त्यानंतर फार उशिरा उमगली.

वास्तविक कोकणाला हे नव्याने शिकायची गरज नव्हती. सिंधुदुर्गातला दशावतार पाहा. देवळासमोरची मोकळी जागा, मध्ये एक लाकडी बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर रात्र उजाडते. तुमच्या रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी नाच अंगणात होतात, आणि डबलबारीच्या भजनाला मांडवाचे एक छप्पर पुरते. या सगळ्यांत जागा बांधीव नसली तरी तिथी बांधलेली असते. अमक्या देवाची जत्रा अमक्या दिवशी, हे मुंबईच्या चाकरमान्यालाही पाठ असते, त्यामुळे प्रेक्षक बोलवावे लागत नाहीत. तुमच्या माडीला मिळवायची आहे ती हीच गोष्ट. ‘महिन्याचा तिसरा शनिवार, संध्याकाळी सहा’ हे मुलांच्या तोंडी बसेपर्यंत वर्ष जाईल. त्या वर्षात एखाद्या शनिवारी आठच माणसे येतील, तरीही त्या आठांसाठी जाजम अंथरले गेले पाहिजे. मी तिसरा शनिवार उदाहरणादाखल म्हटला. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था मासिक संगीत सभा भरवते, आणि जानेवारीच्या सुमारास आर्ट सर्कलचा महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो; त्यांचे दिवस आधी विचारून घ्या आणि आपला दिवस निराळा ठेवा. या मंडळींना जाऊन भेटा. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, त्यांना नव्या जागेचा आनंदच होतो, आणि गावात चांगली पेटी कोण दुरुस्त करतो इथपासून कोणता गायक वेळ पाळतो इथपर्यंतचे शहाणपण त्यांच्यापाशी असते.

आता आवाजाविषयी. पहिले सहा महिने विजेवर चालणारे काहीही वापरू नका; मोबाईलमधला तानपुरा तेवढा चालेल. तीस बाय वीस फुटांच्या खोलीत मोकळा आवाज शेवटच्या माणसापर्यंत आरामात जातो, आणि ज्या मुलांनी आजवर फक्त स्नेहसंमेलनाच्या कर्ण्यासारख्या स्पीकरवर गायले आहे, त्यांना स्वतःचा आवाज प्रथमच ऐकू येतो. गिटारवाल्या मुलांना हे पटायला वेळ लागेल. त्यांना ड्रमसेटऐवजी कहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचे लाकडी खोके, आणायला सांगा, आणि एकदा गिटार-तबला एकत्र बसवून पाहा. तबल्याच्या चाटीपुढे गिटारची तार दबते, तेव्हा हात आवरून वाजवणे हे तुमच्यासाठीही शिक्षण ठरेल. रिकाम्या माडीत टाळी वाजवून पाहाल तर आवाज घुमेल. त्याने घाबरू नका. माणसे, त्यांचे कपडे आणि खालचे जाजम हेच आवाज शोषून घेणारे मोठे साधन आहे. पन्नास माणसे बसली की तो घुमारा पुष्कळसा नाहीसा होतो. उरलाच तर मागच्या भिंतीवर दोन-तीन जाड गोधड्या टांगा. या कामासाठी कोणी महागडे फोम विकायला आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा.

काकूंच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. त्या नऊला झोपतात, तर तुमची मैफल साडेआठला संपली पाहिजे. भैरवी पावणेनऊपर्यंत लांबली असे एकदाही होता कामा नये. सहाला सुरू करून अडीच तास गाणे पुष्कळ झाले. जांभ्याची जाड भिंत आवाज चांगला अडवते, परंतु कौलांच्या फटींतून आणि खिडक्यांतून तो बाहेर पडतो. म्हणून काकूंच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, रस्त्याकडच्या उघड्या ठेवा, आणि कलावंतांना काकूंच्या घराकडे पाठ करून बसवा. कौलांखाली तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, नसेल आणि पुढेमागे पैसे जमले, तर पहिला खर्च तिच्यावर करा. सुरू करण्याआधी वर्षभराच्या तारखांचा कागद घेऊन तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा, पहिल्या मैफलीच्या वेळी मित्राला पेटीशी बसवून त्यांच्या मागच्या दारात उभे राहून ऐका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास झाला का म्हणून विचारा. त्यांनी झाला म्हटले, तर वाद न घालता काहीतरी बदला.

कायद्याची बाजू याहून सैल आहे, पण ती माहीत असावी. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात सभागृहासारख्या बंदिस्त जागेबाहेर लाउडस्पीकर किंवा वाद्ये वाजवता येत नाहीत. उघड्या खिडक्यांच्या माडीला बंदिस्त म्हणता येणार नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, आणि तिथली मर्यादा याहूनही खाली, ५० आणि ४० आहे. तुमचे दुकान कॉलेजच्या रस्त्यावरच असल्यामुळे ते अशा क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारून घ्या. तिथे आपली आणि आपल्या उपक्रमाची ओळख आधीच झालेली असली, तर एखादी तक्रार गेलीच तरी ती समजून घेतली जाते.

वर्षाच्या आखणीत पावसाळा वगळू नका, असे मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ जण दिवाळीनंतर सुरू करायचा सल्ला देतील, कारण जुलैत कौलांवर सरींचा मारा सुरू झाला की गाणाऱ्याला थांबावे लागते. थांबू द्या. नवी मुले कॉलेजात येतात ती जून-जुलैतच. राजापूर, लांजा, संगमेश्वर, गुहागर इकडून खोली घेऊन राहायला आलेली, गावात कोणाची ओळख नसलेली मुले त्या महिन्यांत कुठेतरी जायला जागा शोधत असतात. ती एकदा माडीवर आली की तीन वर्षे येत राहतील. पावसात वाद्यांची काळजी मात्र तुम्हालाच घ्यावी लागेल. तबल्याच्या पुड्या दमट हवेत उतरतात हे तुम्हाला सांगायला नको. पेटीच्या पट्ट्या लाकूड फुगून अडकतात आणि भात्याला बुरशी येते, म्हणून वाद्ये बंद कपाटात ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळोवेळी बदला. भाद्रपदात गणपतीचे दिवस सोडून द्या, त्या वेळी प्रत्येक घरीच आरत्या आणि भजने चाललेली असतात. परीक्षांच्या महिन्यांत मैफल तासाभराची ठेवा, पण रद्द करू नका.

पैशांचा प्रश्न बाबांनी काढला आहे आणि तो योग्यच काढला आहे. माडीवरच्या गाण्यातून घराला उत्पन्न मिळणार नाही. ते क्लासच्या भाड्यातून मिळेल. गाण्याने फक्त स्वतःचा खर्च भागवावा. त्यातही पहिले वर्ष तिकीट लावू नये असे माझे मत आहे, आणि त्याला व्यवहाराइतकेच कायद्याचेही कारण आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तुमची मुले सिनेमातली आणि अलीकडची भावगीते गाणार. तिकीट लावले की त्यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेचा परवाना घेण्याचा प्रश्न उभा राहतो. जुन्या गाण्यांचे तसे नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नाट्यपदांच्या शब्दांवरचा हक्क २००८ च्या अखेरीस संपलेला आहे. अभंग आणि गवळणी तर सर्वांच्याच. म्हणून दारात एक डबा ठेवा, ज्याला इच्छा असेल तो त्यात टाकेल, पण आत येण्याची अट म्हणून कोणाकडेही पैसे मागू नका. डब्यात जमेल त्यातून जाजमाच्या धुलाईचे आणि चहाचे पैसे आधी न काढता, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांना बिदागी द्या, मग ती शंभर रुपयांची का असेना. चहा बंद झाला तरी चालेल. कलावंताला पाकीट देण्याची रीत पहिल्या महिन्यापासून पडली नाही, तर ती पुढे कधीच पडत नाही, आणि विद्यार्थी फुकट गातात असा गावाचा समज होऊन बसतो.

दीड-दोन वर्षांनी, जम बसल्यावर, बाहेरच्या एखाद्या तरुण कलावंताला बोलावता येईल. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईचा वादक दिवसा येऊन रात्रीच्या कोकणकन्येने परत जाऊ शकतो, मुक्कामाचा खर्च वाचतो. साडेआठला संपणाऱ्या मैफलीचा हा आणखी एक फायदा आहे. स्टेशन गावाबाहेर असल्याने रिक्षा आधी सांगून ठेवा. परंतु बाहेरचा पाहुणा वर्षातून दोनदाच. माडी तुमच्या गावातल्या मुलांची आहे, हे त्यांना सतत जाणवले पाहिजे.

राहता राहिले बाबा. ‘गाण्यावर घर चालत नाही’ हे वाक्य ते तुम्हाला ऐकवत असले, तरी पखवाज वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते आले आहे, हे विसरू नका. त्यांनी ते एकेकाळी स्वतःलाही सांगितले असेल. त्यांच्याशी गाण्याच्या थोरवीविषयी बोलायला जाऊ नका. क्लासच्या कराराचा मसुदा, इंजिनीअरच्या तपासणीचा अंदाज आणि तुमच्या एका शनिवारचा वर्षभराचा हिशोब असे तीन कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा, आणि माडी भाड्याने देण्याची त्यांची कल्पना मान्य आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. पुढचे बोलणे त्यामुळे सोपे होईल.

पहिली मैफल भजनाची ठेवावी असे मला वाटते. त्यांच्या जुन्या भजनमंडळींपैकी जे कोणी असतील त्यांना तुम्ही जाऊन आमंत्रण द्या, पण बाबांना वाजवायला या असे म्हणू नका. इतकी वर्षे बंद ठेवलेली गोष्ट मुलाच्या विनंतीवरून सर्वांसमोर उघडणे कोणालाही अवघड जाते. पखवाज मात्र खाली काढावाच लागेल. पुड्या सुटल्या असतील, वाद्या सुकल्या असतील, तेव्हा तो दुरुस्तीला न्यायला हवा, आणि तो कोणाकडे न्यावा हे बाबांनाच माहीत असणार. मैफलीच्या दिवशी डाव्या पुडीला लावायची कणीकही नुकती भिजवलेली लागते, फार सैल नाही आणि फार घट्ट नाही. तुम्हाला तबला येतो, कणकेचे प्रमाण येत नसेल. ते त्यांना विचारा.